घरी पाच दिवस, मिरकरवाड्यात दोन

बाबा, तुमची धाकटी जळीत रुग्णांच्या वॉर्डात आहे. फणसाचे गरे तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल दोन्ही मांड्यांवर सांडलं. सुरुवातीचे दिवस बरे गेले. पट्ट्या बांधून होताच तिनं मला विचारलं, "ताई, उरलेले गरे कुणी तळले गो? काळे पडतील." मग पट्ट्यांवर हिरवट पाणी दिसायला लागलं, अंगात ताप भरला. औषधं बदलून झाली, ताप हटत नाही. काल तिथली तरुण डॉक्टरीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "मावशी, तिच्या जखमेतले जंतू जवळजवळ सगळी औषधं पचवतात. एकच उरलंय. ते किडनीला जड जातं, पण उद्यापासून तेच सुरू करतोय." ते लागू पडलं नाही तर काय, हे मी विचारलं नाही. तिच्या तोंडावर दिसत होतं.

असे निगरगट्ट जंतू आले कुठून, एवढं मात्र विचारलं. ती म्हणाली, वर्षानुवर्षं लोक ही औषधं गरज नसताना घेतात, नाहीतर बरं वाटलं की मध्येच सोडतात. कच्चे जंतू मरतात, चिवट मागे उरतात आणि वाढतात. हॉस्पिटलात तर त्यांचा अड्डाच. ज्याची कातडी जळली त्याच्यापाशी त्यांना अडवायला काही नसतं. "हे कुणा एकाचं काम नाही, मावशी. आम्ही डॉक्टरांनीही हात सैल सोडलाच." नसेल एकाचं. पण त्यातल्या एकाच्या घरात मी वाढले.

मिरकरवाडा बंदरातला तुमचा दवाखाना मला अजून दिसतो. शाळा सुटली की मी औषधांच्या कपाटाशी बसून गृहपाठ करते. एक खलाशी खोकत येतो. "डाक्टर, परवा बोट सुटतेय. कायतरी कडक द्या." तुम्ही दोन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल कागदात बांधून देता. "घे. तुझ्या खोकल्यानं बांगडे पळायला नकोत." साध्या सर्दीलाही त्याच कॅप्सूल. माणूस उठून कामाला लागतो आणि तुम्ही देवमाणूस ठरता. घरी मात्र आम्हा दोघींपैकी कुणाला त्या लागल्या, की पाचवा दिवस संपेपर्यंत तुम्ही पाण्याचा पेला घेऊन समोर उभे. बरी झाले म्हटलं तरी सुटका नाही. "अर्धवट औषध म्हणजे विष. तोंड उघड. जीभ वर कर."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. अडाणी असतात तर मी गप्प बसले असते. लोकांच्या पोटात गेलेलं त्यांच्यापाशीच राहील, आपल्या मुलींच्या वाटेला येणार नाही, असं वाटलं तुम्हाला? खोटं बोलू नये हे शिकायला मला नन्सच्या शाळेत घातलंत, फी वेळेवर भरलीत, आणि दवाखान्यात रोज हसून लोकांना फसवलंत. आम्हालाही. तुमच्या तसबिरीला हार घालणारी धाकटीच, आणि भोगतेय तीच.

हे पत्र मी कुठे धाडणार? धाकटीला तर दाखवणारही नाही. आज सकाळी, नव्या औषधाची पहिली बाटली लावत असताना, ती डोळे मिटूनच म्हणाली, "बाबा असते तर बरं केलं असतं मला." मी हो म्हटलं. तिची समजूत काढायला म्हटलं असं लिहिणार होते, पण तसं नाही. त्या वेळी मलाही तुम्हीच हवे होतात.