इस्क्राचा निळा रुमाल

२ ऑगस्ट
पुन्हा पाऊस! फाटकावर चिकटवलेला इस्क्राच्या मृत्यूचा कागद धुऊन निघाला. नाव राहिलं, चेहरा गेला. एकोणीसला पोरीला जाऊन सहा महिने होतील, रीतीप्रमाणे नवा लावायला हवा. या वेळी कापडावरच छापतो. तिच्या खोलीत सगळं आहे — फोटो छापायच्या औषधाच्या बाटल्या, तिच्याच चेहऱ्याची पारदर्शक फिल्म, वही. ती कशाकशावर फोटो छापायची! लोकरीचा नमदा, पोती, तंबाखूची पानं. मी सातवी शिकलेलो. जमेल?

५ ऑगस्ट
पोत्यावर नुसते डाग. नमद्यावर नाक कुठे, डोळे कुठे, कळेना. मक्याच्या सालीवर फक्त केस उमटले. बायको, नेदा, खिडकीतून — "आता कोंबड्यांवर छापा!" एवढंच. पोरीचं नाव फेब्रुवारीपासून नेदाच्या तोंडात नाही.

९ ऑगस्ट
उमटली! माझ्या आईने विणलेल्या जुन्या रुमालावर. आधी ऊन दिलं, मग बादलीत धुतलं — तर पाण्यातून निळी निळी होत आली, हसत. बघतच बसलो.
मग नको ते शहाणपण! रंग पक्का व्हावा म्हणून सोड्याच्या पाण्यात बुडवला. आधी पिवळी पडली, मग काहीच उरलं नाही. दुसऱ्यांदा गेली.
वहीत तिनेच लिहिलंय, 'सोडा, साबण अजिबात नको.' आधी वाचायला काय झालं होतं मला?
औषध एका रुमालापुरतं उरलंय.

१४ ऑगस्ट
ढग. हात लावला नाही.

१८ ऑगस्ट
ऊन पडलं. जमलं. नुसत्या पाण्यात धुतला, सावलीत वाळवला.

१९ ऑगस्ट
फाटकावर टांगला. दिवसभर वाऱ्याची धास्ती.

२० ऑगस्ट
रुमाल नाही! चोर चोर म्हणून गल्लीभर ओरडलो. नेदा म्हणाली, "गप्प बसा हो. समोरच्या ग्रोझदा आजीने नेला. मेलेल्याच्या नावाने रुमाल दारात टांगलात, तर लोक दान समजूनच घेणार! 'देव तिला क्षमा करो' म्हणून, हात जोडून घेऊन गेली बिचारी."
एवढी साधी रीत माझ्या डोक्यात कशी आली नाही? उद्या परत मागतो. दान असलं तरी मागतो.

२१ ऑगस्ट
आजीने रुमाल स्वतःच्या मरणासाठी जपलेल्या कपड्यांत घडी करून ठेवलाय. म्हणाली, "नव्वदीची झाले रे देल्चो, आता मीच पुढे जाणार. पोरीला काय निरोप देऊ?" घरी येऊन नेदाला विचारलं.
ती अजून सांगतेच आहे.