लिंडनरबाईंची मातीची बाई

९ सप्टेंबर, सोमवार

शेजारच्या लिंडनरबाईंना आज नेलं. हॉस्पिटलात नाही, होस्पित्समध्ये. म्हणजे परत यायचं नाही. निघताना त्यांनी ती मातीची बाई माझ्या हातात दिली. मेक्सिकोची, कोलंबस तिकडे पोचायच्या कितीतरी शतकं आधीची! मांडी घालून बसलेली, अंगावर तांबडे-काळे पट्टे, मांडीवर मूल, उजवा हात कोपरापासून तुटलेला. नवऱ्याने तरुणपणी तिथल्या एका थडग्यातून उचलून आणली, हे त्यांना जन्मभर टोचत राहिलं. पुढच्या महिन्यात मेक्सिकोच्या वकिलातीची, कोन्सुलाटची माणसं येऊन तिला परत नेणार. "ती घरी पोचली की मी सुटले," म्हणाल्या. तोवर ती माझ्याकडे.

जिन्यात आई उभ्या होत्या. सासूबाईंना जर्मन येत नाही, लिंडनरबाईंना मराठी नाही, तरी उन्हाळाभर दोघींचा बाल्कनीत चहा! लिंडनरबाई "च्युस", म्हणजे "जाते" म्हणाल्या. आईंनी नेहमीसारखं दटावलं, "जाते म्हणू नये हो. येते म्हणावं, येते!" त्या नुसत्या हसल्या. 'येते' हा शब्द त्यांच्या जिभेवर कधी बसलाच नाही.

१२ सप्टेंबर

"ही कोण गं?" टीव्हीशेजारच्या मातीच्या बाईकडे बघत आईंनी विचारलं. माझी मीटिंग चालू होती. "त्यांच्याकडची देवी," म्हटलं आणि विषय मिटवला.

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

संध्याकाळी घरी आले तर टीव्हीशेजारची जागा रिकामी.

"आई, ती बाई कुठंय?"

"पोचवली नदीवर. भंगलेली मूर्ती घरात ठेवतात का? तीही लेकुरवाळी! बाप्पाबरोबर बादलीतच सोडणार होते, पण भाजलेली माती ती, विरघळायची नाही. हळदकुंकू वाहिलं, ओटी भरली. खण नव्हता, तुझी कोरी ओढणी दिली."

चेहऱ्यावर केवढं समाधान! मी ओरडले. सासूवर आयुष्यात पहिल्यांदा. मग धावत दगडी पुलावर. पावसाने डोनाऊ नदी चढलीय, गढूळ, नुसती धावतेय. काठावर शेवंतीची दोन फुलं अडकली होती. बाकी काही नाही. हजार-दीड हजार वर्षं टिकली, आमच्या घरी आठवडाभर टिकली!

१८ सप्टेंबर

माझ्या नवऱ्याने, दत्ताने नदीवरच्या पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी ओसरलं की बघू. आशा ठेवू नका." आई जेवल्या नाहीत. मीही आग्रह केला नाही. राग जात नाही. आणि देवी म्हणून सांगितलं कोणी? मीच ना!

२१ सप्टेंबर

होस्पित्समध्ये गेले. लिंडनरबाईंनी विचारलं, "ती कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणाले. लाज वाटते.

२४ सप्टेंबर

"मी सांगते. मी केलं, मीच सांगणार," आई म्हणाल्या. ऐकेचनात. पलंगाशी हात जोडून उभ्या राहिल्या, सगळं मराठीत सांगितलं. मी जर्मनमध्ये सांगत गेले.

लिंडनरबाईंनी ऐकून घेतलं. मग एकच विचारलं — सोडताना यमुना, म्हणजे आई, तिला काय म्हणाली?

"काय म्हणणार? 'ये हो' म्हटलं. माहेरवाशिणीला म्हणतात तसं."

हे कसं सांगायचं जर्मनमध्ये? जमेल तसं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. दारातून आई म्हणाल्या, "येते." त्या वळल्या नाहीत.

२५ सप्टेंबर

पोलिसांचा फोन. काही सापडलं नाही. शोध बंद.

२६ सप्टेंबर

आई पुण्याचं तिकीट अलीकडच्या तारखेचं काढ म्हणतात. दत्ताने तारखा बघायला घेतल्या. मीही थांबा म्हटलं नाही. आता काय उरलंय?

२८ सप्टेंबर

होस्पित्सच्या सिस्टरचा फोन. लिंडनरबाई गेल्या. शेवटी शेवटी यमुनाचं नाव घेत होत्या, आणि आणखी एक नाव, पुन्हापुन्हा. सिस्टरने ते नीट लिहून ठेवलंय. विचारत होती — ही 'येटे' कोण? तिलाही कळवायचं का?