शेऱ्याचा रकाना

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काम पडल्याशिवाय याला बहीण आठवत नाही, असं तू म्हणणारच. म्हणून आधीच कबूल करतो, काम आहे. छोटी प्रसूतिगृहं चालू ठेवावीत की सगळ्या बायकांना मोठ्या इस्पितळात पाठवावं, याचा अभ्यास आरोग्य खात्याने आमच्या संस्थेला दिलाय. आजवर नुसते मृत्यूंचे आकडे शेजारी शेजारी मांडत. मी बसवलेल्या पद्धतीत आईचं वय, आधीची बाळंतपणं, घरापासूनचं अंतर हे सगळं जमेस धरून मगच तुलना होते.

अडचण एकच. तुमच्या भागातल्या बाराही प्रसूतिगृहांतल्या परिचारिका वह्या द्यायला कचरतात. तू शब्द टाकलास तर देतील. आणि तुझी वही तर हवीच; बाकीच्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!

लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझा,
मोज्या

२६ फेब्रुवारी

चि. मोज्यास अनेक आशीर्वाद.

जिन्याच्या पायऱ्या मोजत शाळेत जायचास म्हणून तुला हे नाव पडलं; आता सरकार तुझ्याकडून मोजून घेतंय, याचं कौतुक वाटतं. तीन रविवार झेरॉक्सच्या दुकानात उभी राहून अकरा वर्षांच्या वह्या पाठवल्या आहेत. बाकीच्या अकराजणींनाही मी फोन केले. एकीने विचारलं, याने आमचंच वाईट झालं तर? मी म्हटलं, अगं, माझा सख्खा भाऊ करतोय.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. अकरा वर्षांत माझ्याकडे एकोणीस मुलं दगावल्याची नोंद आहे. त्यांतली चौदा घरी किंवा वाटेत गेलेली. आमचं दार जवळचं, म्हणून बायका तशाच आमच्याकडे आल्या. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येकीपुढे ‘आणतानाच मृत’ असं लिहिलंय. मोठ्या इस्पितळात अशा मुलांची वही वेगळी असते, ती त्यांच्या आकड्यात धरत नाहीत. तेवढं सांभाळ.

जेवणाखाण्याची हेळसांड करू नकोस. माया आहेच, ती दूर राहून कमी होत नाही.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अहवाल गेला! वरिष्ठांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आता मला विभागप्रमुख करणार म्हणतात. शेऱ्यांची काळजी करू नकोस, पद्धतीत सगळं सामावलेलं असतं. घाईत आहे, सविस्तर नंतर लिहितो.

लोभ असू दे.

मोज्या

८ सप्टेंबर

चि. मोज्यास,

बाराही प्रसूतिगृहं बंद करण्याचा हुकूम आला. सोबत तुझा अहवाल होता. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण सातवा तक्ता कळला. माझ्या नावापुढे एकोणीस. शेऱ्याचा रकानाच नाही.

गेल्या मंगळवारी एक बाई नेहमीच्या सवयीने माझ्याकडे आली. दाराला कुलूप. मीच तिच्यासोबत जीपमध्ये बसले. चाळीस किलोमीटरांतले सव्वीस झाले आणि ती मागच्या सीटवर बाळंत झाली. बाई वाचली. मूल माझ्या हातात गेलं. इस्पितळात लिहिलं, आणतानाच मृत, आणि वेगळ्या वहीत टाकलं. म्हणजे तुझ्या हिशेबी ते मेलंच नाही.

अकराजणी माझ्याशी बोलत नाहीत. विसरलास की वगळलंस, एवढंच कळव.

ताई

१७ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

विसरलो नाही.

तुझे शेरे घेऊन मी पुन्हा गणित केलं होतं. तुझं प्रसूतिगृह मोठ्या इस्पितळापेक्षा कुठेच कमी ठरत नव्हतं. वरिष्ठ म्हणाले, सगळ्या वह्यांत असे शेरे नाहीत, तेव्हा एकसारखेपणासाठी ते सोडून द्या. खात्याला प्रसूतिगृहं बंदच करायची होती, हे मला तेव्हा ठाऊक होतं. मी एक तळटीप लिहिली, त्यांनी ती काढली, आणि मी सही केली. कुणी माझा हात धरून करवली नाही.

मोठ्या इस्पितळात तुझी बदली करून देता येईल, मी शब्द टाकतो. तू रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

मोज्या

२ ऑक्टोबर

चि. मोज्यास,

बदली नको. तिथे बसून मी कुठल्या वहीत काय लिहू?

अकराजणींच्या दारी एकेकीकडे गेले. दोघींनी दारातूनच परत पाठवलं. नऊजणींनी वह्या काढल्या, आठवून आठवून शेरे भरले, सह्या केल्या. त्यांना मी सांगितलं की चूक माझीच, मी भावाच्या नावावर तुमचा विश्वास मागितला. जीपमधलं मूल गेल्यावर खात्याने नेमलेल्या चौकशी समितीपुढे काल सगळं ठेवलं. साहेबांनी विचारलं, शेरे मुद्दाम गाळले याला पुरावा काय? मी तुझं पत्र पुढे केलं.

हो, तुझं घरचं पत्र. घरातलं बाहेर नेऊ नये हे मलाही कळतं. सबंध रात्र ते उशाशी ठेवून पडले होते आणि सकाळी नेलं. प्रसूतिगृहं पुन्हा उघडतील की नाही ते समिती ठरवेल. तोवर एक गाडी आणि दोन परिचारिका द्यायचं त्यांनी कबूल केलंय. तुला सोमवारी बोलावतील. नोकरी जाईल बहुतेक. इतर कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

तिथे गेल्यावर मान खाली घालून बसू नकोस. तुला जे गणित आलं होतं ते सांग.

लोभ आहे. तो आटला असता तर हे पत्र लिहिणं सोपं गेलं असतं.

ताई