पाट्याचा म्हसोबा

कार्तिक वद्य ३, शके १७८९. अमरावती.
मी सांगते, भाऊजी लिहितात. धाकटे दीर माझे. अकोल्याची कचेरी सुटल्यापासून त्यांची बोटं शिवशिवतात, तेवढाच उपयोग.
आज बडनेऱ्याच्या वाटेवर साहेबाची माणसं आली. आगगाडीपर्यंत कापसाच्या गाड्या धड जात नाहीत, म्हणून वाट रुंद करायची. लाल फडक्यांच्या काठ्या रोवल्या. एक नेमकी आमच्या परसाच्या भिंतीशी, म्हसोबाजवळ. त्याच्यामागे कौतिकाची झोपडी. विधवा, एकटी. म्हसोबाची दिवाबत्ती करते, लोक ठेवतील त्या नारळाच्या तुकड्यावर नि मूठभर ज्वारीवर जगते. दिवसभर चूल पेटवली नाही तिनं.

वद्य ५.
साहेबाजवळ तसबिरीची पेटी आहे. काळ्या फडक्यात मुंडकं घालून उभा राहतो. आत काय दिसतं, म्हणून मी कुंपणावरून विचारलं. कारकून म्हणाला, सगळं उलटं. म्हटलं, मग गाव बरोबर समजलं साहेबाला.
पाडण्याआधी जुन्या वस्तूची तसबीर नि हकिकत ठेवायची, असं साहेबाचं म्हणणं. देव फार जुना निघाला तर वाट वळवतील. झालं! ज्याला त्याला हकिकत फुटली. भातकुलीचा गाडीवान म्हणे तीनशे वर्षांचा. तेली म्हणे पांडवांनी बसवला. मी ऐकत राहिले. ऐकायला गोडच होतं.

वद्य ६.
आता खरं लिहा, भाऊजी. तो देव मी बसवला.
थोरला पोटात होता. गाडीवान येता-जाता आमच्याच भिंतीला उभे राहत. वासानं घास उतरेना. घरातला पाटा दुभंगला होता. त्यातला अर्धा भिंतीशी उभा केला, शेंदूर फासला, वर तेल ओतलं. दुसऱ्या दिवसापासून भिंत कोरडी. तेव्हा तुम्ही अकोल्याला, तुम्हाला कसं कळणार!
भाऊजींनी बोरू खाली ठेवला. गुडघ्यासाठी किती अमावस्यांना नारळ फोडलेत त्यांनी. "वयनी, हे लिहू काय?" विचारलं. मी म्हटलं, गुडघा बरा झाला ना? झाला म्हणाले. मग लिहा.
पण एक कळत नाही. मूर्तिजापुराहून बाया नवस फेडायला येतात. देव माझा, पण त्यांच्या कडेवरची पोरं तर खरी...

वद्य ८.
कौतिका आली. झोपडी गेली तर नांदगावच्या भावाकडे जावं लागेल, नि भावजय दारात उभी करणार नाही. म्हणाली, "मोठी माय, गावात तू सगळ्यात जुनी. तुलेच विचारतील."
मी सहज विचारलं, खरंच देव वाटतो का गं तुला तो?
"रोज आंघोळ घालून राहिली मी त्याले. नवऱ्याले बी इतकी नाही घातली."


वद्य ९.
कारकून दारात. नुसतं तोंडी नको म्हणे, आजीबाई, देवावर हात ठेवून सांगा.
भाऊजींना म्हटलं, सोपं आहे. देव खोटा, तर शपथही खोटी, पाप नाही. देव खरा, तर तो जुनाच असणार. दोन्हीकडून सुटले.
"मंग चालत कावून नाही, वयनी?"
पाय उंबऱ्यातच होते माझे.
गेले. हात ठेवला. शेंदूर उन्हानं तापलेला. समोर कौतिका, पदराचं टोक दातांत. सांगितलं, "माह्या सासूची सासू याले पूजत होती." कारकुनानं उतरवलं. तसबीर काढतो, हालू नका, म्हणाला. मी नाही हालले. तसबीर झाली तरी हात काढायचं सुचलं नाही. भाऊजी म्हणतात म्हातारपण. असेल.

वद्य १३.
काठी तिथंच आहे. हुकूम यायचा आहे.
आज सकाळी एकटी गेले त्याच्यापुढं. आजवर कधी हात जोडले नव्हते, आपल्याच पाट्याला काय जोडायचे! जोडले. कौतिका तांब्या घेऊन आली, म्हणाली, "काय मागून राहिली, मोठी माय?"
"आधी माफी मागू का तुही झोपडी, तेच ठरवून राहिली."
"माफी कायची वं?" म्हणाली, नि तांब्या खाली ठेवून माझ्याकडे पाहत बसली.