खुर्चीत बसून दिलेल्या उत्तराबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
डोब्री शाळा विभाग,
डोब्री, नेब्रास्का.

विषय : अकरावीच्या इंग्रजीच्या तासाला माझ्या मुलीने दिलेले उत्तर गोष्टीतील पात्राचे समजण्याबाबत.

संदर्भ : आपला कालचा फोन, मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत असताना आलेला.

महोदय,

मी, लॉरीन वोडेनाल, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला असून माझे पती मायलो सहकारी धान्यकोठारावर मुकादम आहेत. सविनय अर्ज करते की,

१. मिस ॲशबी यांच्या वर्गात गोष्ट वाचून झाली की एक खुर्ची पुढे ओढतात. त्या खुर्चीत बसणाऱ्याने पात्र होऊन बोलायचे व बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे, अशी पद्धत आहे. साहित्य आयुष्याशी जोडावे म्हणून हे करतात, असे पालकसभेत सांगण्यात आले. तेव्हा मी टाळ्याही वाजवल्या होत्या.

२. यंदाची गोष्ट जहाजाची आहे. मालक बिघडलेला पंप बदलत नाही, तांडेल, म्हणजे खलाशांचा मुकादम, गप्प बसतो आणि एक खलाशी बुडतो. मंगळवारी तांडेल म्हणून माझी मुलगी जनेल बसली होती. प्रश्न विचारायला उठली कोरा ब्लाहा. तिचा भाऊ कर्टिस गेल्या हंगामात कोठारातल्या मक्यात गाडला जाऊन वारला, हे आपणास सांगायला नको. त्याची शवपेटी उचलायला आपणही हात लावला होता.

कोराने विचारले, "तुला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीस?"

जनेल म्हणाली, "मालक म्हणाले, बाहेर ट्रकांची रांग लागलीय, पट्टा चालू राहू दे. मला घर चालवायचं होतं गं."

हे उत्तर त्याच दिवशी कोठारापर्यंत पोहोचले असे कळते.

३. अडकलेला मका मोकळा करायला माणूस आत उतरला की खालचा, धान्य बाहेर ओढणारा पट्टा बंद ठेवायचा, हा कोठाराचा नियम आहे. पट्टा बंदच होता व कर्टिस स्वतःच्या चुकीने गेला, असे चौकशीत ठरले. त्याखाली माझ्या पतीची सही आहे. आता कोठाराचे व्यवस्थापक, जे आपल्या शाळा मंडळावरही बसतात, म्हणतात की, जनेलने शुक्रवारपर्यंत 'हे पात्राचे बोलणे होते' असे लिहून द्यावे. नाहीतर मिस ॲशबीही घरी आणि मायलोही घरी. जनेल लिहून देत नाही. दोन घास खा म्हटले तर खोलीचे दार लावून घेते.

४. सबब तिच्या वतीने मी, तिची आई, विनंती करते की सदर उत्तर तांडेलाचेच असल्याचा दाखला आपण द्यावा. शंका असल्यास तांडेलालाच नोटीस काढावी. तो काही नाही म्हणायला येणार नाही. तसेच पुढील वर्षापासून जिवंत माणसांशी काडीचाही संबंध नसलेल्या गोष्टीच लावाव्यात. चंद्रावरच्या चालतील, मात्र तिथे मुकादम नसावा. प्रेमकथाही चालतील, पण लग्न झालेल्यांच्या नकोत.

५. आपण फोनवर म्हणालात, "लॉरीन, पोरीनं गोष्टीतलंच सांगितलं ना? मग कुठल्या पानावर आहे तेवढं दाखव, मी मिटवतो." त्यानुसार मी पुस्तक घरी आणून वाचले. दोर आहेत, पिंपे आहेत, उंदीरसुद्धा आहेत. पान क्रमांक :

महोदय, येथपर्यंत लिहिले होते तेवढ्यात मायलो कामावरून आले. त्यांनी हा अर्ज वाचला. मग उभ्यानेच ती गोष्ट वाचली, शेवटपर्यंत. मी केलेले कोलाचे, म्हणजे फळे भरलेले गोड पाव, तसेच ताटात राहिले.

"यात ट्रक नाहीत, लॉरीन," ते म्हणाले.

मी म्हटले, असतीलही, कोण बघायला येतंय.

"कोरानं बघितलंय. तिनंही हीच गोष्ट वाचलीय."

हेच ट्रकांचे वाक्य मायलो गॅरेजमध्ये एकटे असले की पुटपुटतात. भिंत पातळ आहे, मला ऐकू येते, जनेललाही येत असणार. आम्ही दोघींनी कधी विचारले नाही. मी दारात आडवी उभी राहिले, वाट्टेल ते बोलले, नोकरी गेली तर खायचे काय म्हणून ओरडले. त्यांनी मला हळूच बाजूला केले आणि ते ब्लाहांकडे गेले. आमची गाडी त्यांच्या अंगणात उभी आहे, ती मला खिडकीतून दिसते. दार कर्टिसच्या आईने उघडले. ते आत गेले, अजून बाहेर आलेले नाहीत.

तरी मुद्दा क्र. ४ रद्द समजावा व विषय बदलून पुढील विनंती मान्य करावी : उद्या इंग्रजीच्या तासाला वर्गात बसण्यासाठी माझ्या पतीस पाहुण्याचा पास मिळावा. खुर्ची तीच असावी. ते कोणतेही पात्र होऊन बसणार नाहीत. कोराला काय विचारायचे ते विचारू द्यावे आणि घंटा झाली तरी कुणी तिला थांबवू नये.

मला फार भीती वाटते आहे, हेही नोंदवून घ्यावे. जनेल आत्ताच खाली येऊन जेवायला बसली आहे.

आपली, आजपर्यंत तरी नोकरीत असलेली व नम्र,

लॉरीन वोडेनाल
गुरुवार

सोबत : गोष्टीची प्रत (ट्रक आढळले नाहीत).