कपाटामागची वायर

१ डिसेंबर
आज रुजू झाले! मुलुंड पश्चिमेला, अगदी डोंगराच्या पायथ्याशी कॉलेज. लॅबच्या मागच्या भिंतीपलीकडे थेट डोंगरच. सायबर सुरक्षा शिकवायची, जोडीला संशोधन. नाहूरला रूम मिळालीय, स्टेशनपासून चालत जाता येतं. अकोल्याला आईला फोन केला तर तिचा एकच प्रश्न, पाणी येतं का. येतं म्हटलं. विभागप्रमुख क्षमा मॅडम फटकळ पण मोकळ्या. लॅब असिस्टंट सम्यक माझं तायडे आडनाव ऐकून हसून ‘जय भीम’ म्हणाला आणि कटिंग चहा पाजला. झकास सुरुवात.

१० डिसेंबर
वर्षभर लटकलेली खरेदी अखेर आली. नेटवर्क तपासायची यंत्रं! क्षमा मॅडम यासाठी खरेदी समितीशी किती भांडल्या म्हणे; समितीचं म्हणणं, मुलं व्हिडिओ बघून शिकतातच की. मोठं यंत्र खोटे हल्ले करून आपलं नेटवर्क किती टिकतं ते दाखवतं. पण मुलं रमली ती छोट्या वस्तूंत. टेस्टर वायरीला लावला की ती किती मीटर लांब आहे ते सांगतो. दुसरी एक जोडी आहे, डबी आणि कांडी. डबी वायरीत सिग्नल सोडते आणि कांडी त्याच वायरीजवळ नेली की टूं-टूं वाजते. ढीगभर वायरींच्या गुंत्यातून आपली नेमकी सापडते. सम्यक दिवसभर ती कांडी खिशात घालून फिरत होता.

१५ डिसेंबर
मुलांना लॅबमधलं प्रत्येक सॉकेट तपासायला लावलं. कपाट सरकवलं तर मागे एक जुनं सॉकेट निघालं, नकाशात नसलेलं. टेस्टर म्हणतो वायर ऐंशी मीटर लांब आहे. पण जाते तर मागच्या भिंतीत! मुलं म्हणाली, मॅडम, डोंगरातल्या बिबट्याला इंटरनेट दिलंय. मीही हसले.

१८ डिसेंबर
तीच वायर आज पन्नास मीटर. बाकी सगळ्या वायरींवर टेस्टर बरोबर चालतो. सम्यक म्हणाला, उंदीर पलीकडून कुरतडत असतील. पटलं. एवढ्या वेगानं कुठला उंदीर कुरतडतो, हे रूमवर आल्यावर सुचलं.

२२ डिसेंबर
भर तासाला कांडी वाजली. डबी बंद होती, माझ्याच हातात. कांडी कपाटामागच्या सॉकेटाशी नेली तर आवाज वाढला. म्हणजे पलीकडून कुणीतरी सिग्नल सोडतंय, आपण शोधतो तशी वायर शोधतंय. मुलं दाराकडे सरकली. सम्यकला मात्र चेव आला. उद्या याचं टोक शोधूनच काढतो म्हणाला. मी नको म्हणाले नाही.

२३ डिसेंबर
सम्यक कांडी घेऊन जिन्याखालच्या केबलच्या चरात उतरला. मी वर सॉकेटाला डबी लावून बसले. फोन चालू होता. आवाज वाढतोय, म्हणाला. मग म्हणाला, दोन येतायत, एक आपला. मी घाबरून डबी बंद केली. तो एकदम हळू बोलला, “मॅडम, बंद करू नका ना. मला परत कुठून यायचं तेच कळत नाहीये.”
फोन कट.
वॉचमन टॉर्च घेऊन उतरला. चर दोन पावलांवर संपतो. पुढे भिंत.

२४ डिसेंबर
पोलीस, फायर ब्रिगेड. भिंत फोडली. मागे काळा दगड, माणूस काय, हातही जाणार नाही. सम्यकची बायको राधा दिवसभर पायरीवर बसून होती. शेवटी मला म्हणाली, “तुम्हीच पाठवलंत ना त्याला?”
हो म्हणाले.

२६ डिसेंबर
वायर बारा मीटर. डबी लावली, भिंतीला कान लावला. आत, लांबवर, कांडी वाजली. बंद केली, थांबली. कांडी सम्यककडे आहे.
क्षमा मॅडमनी ऐकलं. लॅबला कुलूप लावू म्हणाल्या. राधानं त्यांचे पाय धरले. चालू ठेवा, तो आवाजावर येईल —
चालू ठेवली.

२७ डिसेंबर
पाच मीटर. राधा भिंतीशी बसलीय, जेवत नाही. कांडी आता कान न लावताही ऐकू येते. पावलं नाहीत. घासत येतंय काहीतरी —

२९ डिसेंबर
दुपार. लख्ख ऊन. बाहेर मुलं क्रिकेट खेळतायत. कांडी सॉकेटाच्या प्लेटीच्या अगदी मागे वाजतेय. आणि आणखी एक. आपण एकच घेतली होती —

राधानं हाक मारली. त्यानं ओ दिली. सम्यकच. डावीकडून. आणि तीच ओ, तोच आवाज, उजवीकडूनही —

डबी उपटली. कांड्या थांबत नाहीत.

राधा प्लेट उघडायला पेचकस मागतेय. देत नाहीये मी, घट्ट धरलाय, पण स्क्रू फिरतोय, आतून — पडला — दुसराही — राधा मागे हो, हा आपला सम्य