केशरच्या डोक्याचा घेर

मु. पो. रामनगर, ता. जोयडा
रविवार, २४ नोव्हेंबर १९९१, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं

ती. यशवंतराव पाव्हणं यांच्या सेवेशी,

म्हादूचा साष्टांग नमस्कार. वैनींचा उजवा गुडघा (मागल्या पत्रात तुम्ही डावा लिहिला होता, पण श्रावणात आलो तेव्हा त्या उजवाच चोळत होत्या) आता बरा असेल. म्हशीला दुसऱ्यांदा रेडाच झाला हे कळलं, इलाज नाही. आमच्याकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत असते म्हणून लिहितो. ते खरं धरू नये.

पत्रास कारण तुमची बहीण. घाबरू नका, तब्येत ठणठणीत आहे. तेच संशयास्पद आहे. मी सरळ विचारतो आणि तुम्ही थोरले भाऊ म्हणून सरळ उत्तर द्यावं : केशर नंदगडला असताना कुणाकडून चोरून गणित शिकली होती का? लग्नाआधी मला सांगितलं होतं, मुलगी चूल, शेत, गोठा सगळं बघते, शाळेत गेलेली नाही. आता मला त्या बोलण्याची शंका येते.

झालं असं. मे महिन्यात इथं बायकांसाठी दुपारचा वर्ग निघाला. शिकवायला मंगल नावाची बाई, बेळगावची, बोलायला तिखट. केशर म्हणाली जाते, मी म्हटलं जा. मी स्वतः कुणाच्या वर्गात बसलेलो नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. लाकडाच्या डेपोत ओंडके ओढायला लागलो तेव्हा मला शंभराच्या पुढे मोजता येत नव्हतं. ओंडक्याला दोरी गुंडाळायची, त्या दोरीची चौघडी करायची, येईल त्या मापाला त्याच मापानं गुणायचं, मग लांबीनं गुणायचं आणि हिशेब घनफुटात आणायचा, हे मी साहेबाच्या ओठांकडे बघून शिकलो. आज सागाचा ओंडका लांबून बघितला तरी मी माप सांगतो आणि चूक निघाली तर ती ओंडक्याची असते. तेव्हा बायकोच्या शिक्षणाला माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं. बाराच्या पुढे ती जाईल असं वाटलं नव्हतं, एवढंच.

त्याच वर्गावर बेंगळूरहून दोन डॉक्टर आले, एक बुवा, एक बाई. म्हणे मोठेपणी आकडेमोड शिकणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय काय फरक होतो ते बघायचंय. डोक्याला थंडगार चिकट लोणी फासायचं, त्यावर तारा डकवायच्या आणि दुसऱ्या टोकाला यंत्रातले काटे कागदावर रेघोट्या ओढणार. माणसाच्या डोक्यातून तारेनं काय काय काढून नेता येतं याची मी चौकशी केली. डॉक्टर हसले. (ज्याच्याकडे उत्तर असतं तो हसत नाही.) पण सगळ्या बायका बसल्या, केशरही बसली. तिला 'पाच अन् आठ किती' विचारलं तर काटे असे नाचले की कागद फाटतो की काय वाटलं. मीही बसलो, आपणहून शिकलेल्या डोक्याचा नमुना म्हणून. मला विचारलं, बारा बारे किती. मी प्रश्न संपायच्या आत सांगितलं आणि काटे ढिम्म. मी विचारलं, यंत्र बिघडलं काय? बाई डॉक्टर म्हणाल्या की शिकताना डोक्याचा पुढला भाग राबतो, सराव झाला की काम मागल्या बाजूला जातं आणि कष्ट कमी होतात. तुम्ही हिशेब करतच नाही, तुम्हाला आठवतं. यात कौतुक किती आणि टोमणा किती याचा मी त्या दिवसापासून विचार करतो आहे.

त्यानंतर घरात खुणा दिसू लागल्या. पूर्वी केशरला सात आठे विचारलं की ती आढ्याकडे बघायची, ओठ हलवायची, बोटं दुमडायची, तोवर भाजी करपायची. श्रावणात आढ्याकडे बघणं थांबलं. दसऱ्याला बोटं थांबली. आता ती पळी फिरवता फिरवता "छप्पन" म्हणते आणि वर विचारते, "आणि काय?" हे 'आणि काय' मला सहन होत नाही.

डोक्यात एवढं शिरतंय तर ते राहतं कुठं, हा साधा प्रश्न आहे. म्हणून मी तिच्या डोक्याचा घेर मोजला. मे महिन्यात एकदा मोजून ठेवला होता (सावधगिरी म्हणून), साडेएकवीस इंच भरला होता. पंधरवड्यामागे एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली असता मागून दोरी टाकली, चौघडी केली, पट्टीवर धरली. घेरात पुरे सहा सूत वाढ (आठ सुतांचा एक इंच). ओंडकासुद्धा सहा महिन्यांत इतका फुगत नाही. मी ते मंगलबाईंसमोर, देवळाचा कारभार बघणाऱ्या भिकाजी गावकरांसमोर, तारखेसह जाहीर केलं. तेव्हा तुमची बहीण भरल्या वर्गात म्हणाली, "मे म्हयन्यात केस धुवून मोकळं सोडलं हुतं, परवा अंबाडा हुता. लाकडाची साल वजा करतासा न्हवं? मग अंबाडा कोण वजा करायचा?" बायका अजून हसताहेत. पाव्हणं, डेपोत वीस वर्षांत मी साल वजा करायला एकदाही चुकलेलो नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या बुधवारी डॉक्टर पुन्हा आले, पुन्हा तारा, आणि शिवाय चाळीस प्रश्नांची परीक्षा. केशरचे काटे या खेपेला माझ्यासारखे शांत. चाळीसपैकी तिला अडतीस. मला एकतीस. माझे नऊ गेले कसे ते ऐका. समोर खडे ठेवून मोठ्यानं मोजायला सांगितलं. मी आपल्या रीतीनं मोजले : लाभ, दोन, तीन, चार. खळ्यावर भाताचं पहिलं माप ओतताना आपण 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, हे बेंगळूरच्या बाईला कुठून ठाऊक असणार! तिनं दर खेपेला फुली मारली. केशर मात्र वर्गात शिकवल्याप्रमाणे 'एक, दोन' करत गेली. देवाच्या भाताचं पहिलं माप 'एक' म्हणून मोजणाऱ्या बाईला अडतीस आणि रीत पाळणाऱ्याला एकतीस! माझे नऊ परत द्या म्हटलं, तर बुवा डॉक्टर म्हणाले, "तुमचं उत्तर इंटरेस्टिंग आहे." दिले नाहीत.

हे सगळं भिकाजी गावकर दारात उभे राहून बघत होते. तुम्ही जाणता, देवळाच्या खळ्यावर घरटी देवाचं भात मोजून घ्यायचा मान अकरा वर्षं माझा आहे. डेपोतली नोकरी आज आहे उद्या नाही, पण गावात मला जे ओळखतात ते 'मापारी' म्हणून. गावकर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "म्हादू, अडतीस म्हंजे अडतीस. येत्या दोन तारखंला खळ्यावर दोघं बी या. तू बी मोज, केशरअक्का बी मोजू दे. ज्येचं बरोबर, त्येच्या हातात माप." मी म्हटलं, बाईमाणूस खळ्यावर माप धरणार? तर म्हणाले, "डोस्कं धरंल, माप दुसरं कुनीबी धरंल." दोन डिसेंबर सोमवारी येतो. म्हणजे आठ दिवस राहिले.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर कळवावं. ती आधीच शिकलेली होती असं निघालं, तर ते डॉक्टरांना आणि गावकरांना दाखवता येईल, परीक्षा आपोआप रद्द होईल. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीकडे लक्ष असावं.

आपला,
म्हादू

ता. क. – वरच्या पत्रात एक दुरुस्ती. 'लाभ' मुळे पाच गेले, नऊ नव्हेत. खोटं लिहिणं माझ्या हातून होत नाही. उरलेले चार पावपाऊणीचे होते. आमच्याकडे देवाचं भात एकरी पाऊण मण असतं. अकरा वर्षं घरं तीच, एकर तेच, त्यामुळे मला कुणाच्या अंगणात किती होतं ते त्या घराकडे बघून येतं. यंदा तीन घरांत भाऊ वाटून निघाले आणि एकर मोडले. आता आठवायला काही नाही, हिशेब करावा लागणार. मला पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, येत नाही. हे फक्त तुम्हाला लिहिलं आहे.

ता. क. दुसरा – म्हणून बेळगावला कुणी जाणार असेल तर पावकी, निमकी, पाऊणकीची अंकलिपी आणवून खानापूरच्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यावी. वर कागद गुंडाळावा. नाव घालू नये.

ता. क. तिसरा, सोमवार सकाळ – अंकलिपी आणवू नये. पाकीट चिकटवायला भात मागायला गेलो, तर केशरनं तांदळाच्या डब्यामागून अंकलिपी काढून पुढ्यात ठेवली. म्हणाली, "चार फुल्या कशावर पडल्या त्या म्या बघितल्यात." मग म्हणाली, "मला काय माप उचलून कंबर मोडून घ्यायचीया व्हय? माप तुमीच धरा. मी खळ्याच्या कडंला हुबी ऱ्हाते. तुमचं चुकलं की खोकते." मी अंकलिपी उघडून पाऊणकीचं पान बघितलं. मग किती वेळा खोकणार ते ठरवून घेतलं : कमी झालं तर एकदा, जास्त झालं तर दोनदा.

पण भिकाजी गावकर संशयी माणूस आहे. चांगल्या धडधाकट बाईला त्याच दिवशी खोकला कसा लागला, हे तो विचारणारच. तेव्हा पहिला प्रश्न सोडून द्यावा आणि उलट टपाली एवढंच लिहावं, की केशरला लहानपणापासून थंडी पडली की खोकला होतो. पत्र माझ्या नावे नको, गावकरांच्या नावे पाठवावं. एक तारखेच्या आत पोचेल असं बघावं.